माउंटन बाइक, प्रारंभकालीन

डोंगरातील खडकाळ व कच्च्या वाटांवर चालविण्यासाठी घडविलेल्या सायकलींची पहिली पिढी. सामान्यतः १९७४ ते १९८५ या काळातील सायकली तीत मोडतात. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मरिन परगण्यात, टॅमलपाइस पर्वताच्या उतारांवर या पिढीची मुख्यत्वे जडणघडण झाली. असे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते. १८९७ मध्ये अमेरिकेच्या २५ व्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिक मिझूलापासून सेंट लूइसपर्यंत सायकलींवरून गेले. १९५० नंतर पॅरिस परिसरातील काही तरुणांनीही सायकलींत याच हेतूने फेरफार केले. त्यांतून सायकलीचा नवा प्रकार मात्र रूढ झाला नाही.

या सायकलीचे मूळ मुलांच्या सायकलीत आहे. महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये, शिकागोच्या श्विन कंपनीने मोटारीच्या टायरांच्या धर्तीवर २६ इंच व्यासाचे व सु. ५·४ सेंमी. रुंदीचे फुगीर टायर सायकलीला बसविले. हे टायर असलेल्या भक्कम सायकली चाळीस वर्षांनी भंगाराच्या भावाने मिळू लागल्या. रस्त्यावरील शर्यतींत भाग घेणाऱ्या जो ब्रीझ याने १९७३ मध्ये १९४१ च्या बनावटीची अशी एक सायकल पाच डॉलरला घेतली. ‘श्विन एक्सेल्सिअर’ या सांगाड्यास विशेष मागणी असे. रुंद टायर धक्के शोषीत आणि निसरड्या मातीत पकड देत. परंतु वजन सु. २० किग्रॅ. किंवा अधिक असल्याने चढावर सायकल ढकलतच न्यावी लागे.

फेअरफॅक्स गावानजीकच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. सु. ३ किमी. अंतरात ही वाट सु. ४०० मी. खाली उतरते. पॅडल उलटे दाबून लागणाऱ्या ब्रेकमधील वंगण उतरताना जळून जाई व चाकाच्या तुंब्यात ते पुन्हा भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. गॅरी फिशर याने ही वाट ४ मिनिटे २२ सेकंदांत उतरण्याचा विक्रम केला. कोणता भाग टिकतो आणि कोणता मोडतो, याचा निकाल या वाटेवर काही मिनिटांत लागे. जुन्या सायकलींचे आजचे चमत्कारिक रूप पुष्कळसे त्या निकालांतून आले आहे. मोटारसायकलीच्या ब्रेकमुठी, फ्रेंच प्रवासी सायकलींची दंतचक्रे व ब्रेक, अंगठ्याने फिरवावयाचे गिअरचे खटके अशी परक्या यंत्रांची अवयवे त्यांत एकत्र आलेली दिसतात. चढासाठी गिअर बसविण्याची युक्ती फिशरने वापरली. पण कूपर्टिनो गावचे काही तरुण अशाच सायकली घेऊन डिसेंबर १९७४ मध्ये मिल व्हॅली येथील शर्यतीस आले होते. त्यामुळे या सायकलीचा एकच एक जनक ठरविण्याचा आग्रह फारसा सयुक्तिक नाही.

जुने सांगाडे मोडू लागल्यावर ब्रीझने १९७७ मध्ये क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा नवा सांगाडा घडविला. तो या कामासाठी मुद्दाम बनविलेल्या अगदी पहिल्या सांगाड्यांपैकी होय. मुठीखालील नळीपासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या दोन जादा तिरप्या नळ्या हे त्याचे वैशिष्ट्य; पुढे ही रचना रूढ झाली नाही. टॉम रिची याने हँडल आणि त्याचा दांडा त्रिकोणात जोडून एकसंध केला. तो मजबूत खराच, पण त्यात हँडलाचा कोन स्वतंत्रपणे बदलता येत नसे. चार्ली कनिंगहॅमने तर १९७९ मध्येच जाड नळ्यांचा ॲल्युमिनियमी सांगाडा तयार केला आणि त्याला शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल बसविले. त्याच वर्षी फिशर व चार्ली केली यांनी रिचीचे सांगाडे वापरून सायकलविक्री सुरू केली. त्यांच्या धंद्याचे ‘माउंटनबाइक्स’ हे नावच पुढे या साऱ्या जातीला पडले.

१९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची, जपानमध्ये बनविलेली ‘स्टम्पजंपर’ बाजारात आली. जपानी कारखाने खास डोंगरी सायकलींसाठी सुटे भाग बनवू लागले, तशी उसन्या भागांची गरज संपली आणि रचनेतील विविधताही आटली.

या सायकलींच्या आकर्षणामागे केवळ स्मरणरंजन नाही. एक्सेल्सिअरमध्ये हँडलाखालची नळी जमिनीशी सु. ६८ अंशांचा कोन करी आणि दोन चाकांतील अंतर मोठे असे. उतारावर सायकल स्थिर राही, पण सावकाश वळताना ती जड वाटे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात चढावरच्या चपळाईसाठी हा कोन सु. ७१ अंशांवर नेण्यात आला. २०१० नंतरच्या सायकलींत तो पुन्हा कमी होऊन ६८ अंशांच्याही खाली गेला. मुलांच्या सायकलीतील तो सैल कोन मागासलेपणाचे लक्षण होता, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

संग्राहकांपुढील खरी अडचण वेगळीच आहे. या सायकली सतत मोडत, दुरुस्त होत व बदलत असत. १९७६ मध्ये बसविलेला गिअर काढून १९४१ ची स्थिती पुन्हा आणली, तर कंपनीची सायकल मिळते. डोंगरावरची सायकल मात्र नष्ट होते. गंज व चरे राखून ठेवण्याचा आग्रह धरणारे म्हणूनच अधिक इतिहासनिष्ठ म्हणावे लागतात. ब्रीझची पहिली सायकल वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. फेअरफॅक्स येथे २०१५ मध्ये सायकलींचे स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. रीपॅकची वाट तेथून जवळच आहे.