रस्ता कोणाचा?

बोईसर-तारापुराकडील रस्त्यांचा धनी कोण, हा प्रश्न खड्डा पडल्यावांचून सुचत नाहीं. १८६९ च्या मुंबई इलाख्यांतील कायद्यान्वये साऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंडासाठीं घेत. त्यांतला दोनतृतीयांश भाग रस्त्यांचा. पैसा रयतेचा, किल्ली मात्र कलेक्टरसाहेबांच्या हातीं! १९६२ सालीं लोकल बोर्डाच्या जागीं ठाणें जिल्हा परिषद आली. ग्रामरस्ते तिच्याकडे, राज्यमार्ग सरकारकडे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा निघाला आणि इकडील ग्रामरस्ते त्याच्या परिषदेचे झाले. रस्त्याचा दर्जा वाढविला म्हणजे तो सार्वजनिक बांधकाम खात्याकडे जाऊं शकतो. परंतु तो सरकारी निर्णय निघेपर्यंत कारखान्यांच्या मालमोटारींनीं उखडलेला ग्रामरस्ता दुरुस्त करणें परिषदेच्याच थैलीवर पडतें.