निष्ठेचा आकडा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर खेळायचा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून विक्रीला आला. त्याच्या पहिल्या नियमपुस्तिकेत प्रत्येक पात्राच्या सहा गुणांना आकडे आहेत. ताकद, बुद्धी, चपळाई वगैरे उरकल्यावर शेवटी येतो तो करिश्मा. तीन फाशांवर १८ पडले तर पदरी १२ खास गडी बाळगता येतात; ३ पडले तर एकच. त्याच आकड्यावरून गड्यांच्या निष्ठेत भर पडते किंवा घट होते. पुढे पगार, लुटीतला वाटा आणि धन्याची वागणूक पाहून ती चढते-उतरते. बाका प्रसंग आला की गडी उभा राहणार की पळ काढणार, हे फासे ठरवतात. आजच्या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममधला सोबती आपल्या एखाद्या निर्णयावरून बिनसतो आणि कायमचा निघून जातो, त्याचा मूळपुरुष हा पगारी गडी.

त्याच्याही मागे एक पिढी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे या खेळाचे दोघे कर्ते मुळात टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारे. किती माणसं पडली म्हणजे तुकडीचा धीर सुटतो, याचे नियम गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळात होते. तिथे निष्ठा म्हणजे तुकडी मोडायची वेळ काढण्याचं गणित. नव्या खेळाने ते पलटणीवरून एकेका माणसावर आणलं. त्या माणसाला नाव मिळालं आणि खेळ चालवणारा पंच त्याच्या वतीने बोलू लागला. मागच्या बैठकीत तुम्ही हमालाला गुहेत टाकून पळालात, हे पंचाच्या लक्षात राही.

संगणकाला ही आठवण मुद्दाम द्यावी लागली. तिथून या कुळाची दुसरी शाखा सुरू होते. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझर्ड्री’ १९८१ साली अ‍ॅपल टू संगणकावर आला. त्यात सहा जणांची टोळी घेऊन भुयारात उतरायचं. सज्जन आणि दुर्जन एका टोळीत येत नसत. खरी जरब मात्र फ्लॉपीची होती. कुणी मेलं की खेळ ते लगेच डिस्कवर लिहून टाकी. देवळात पैसे भरून मेलेल्याला उठवता येई, पण विधी फसला तर त्याची राख होई आणि पुन्हा फसला तर नावसुद्धा पुसलं जाई. आधीच डिस्कची नक्कल करून ठेवणारे हुशार खेळाडू तेव्हाही होतेच. परिणाम भोगायला लावणारा खेळ आणि तो टाळायची पळवाट, दोन्ही जुळी भावंडं.

जपानमध्ये या शाखेला चेहरा मिळाला. शोझो कागा यांनी घडवलेल्या ‘फायर एम्ब्लेम’मध्ये (१९९०) सैन्यातल्या शिपायांना नावं आहेत, चेहरे आहेत, आणि लढाईत पडलेला सहसा परत येत नाही. ‘फायनल फँटसी सिक्स’मध्ये (१९९४) तरंगती भूमी कोसळत असते, घड्याळ उलटं धावत असतं आणि शॅडो हा भाडोत्री मारेकरी मागे राहिलेला असतो. उडी मारायची की थांबायचं, एवढंच खेळ विचारतो. शेवटचे पाच सेकंद उरेपर्यंत जो थांबला, त्याला शॅडो पुढे पुन्हा भेटतो. ज्याने आधी उडी मारली, त्याच्या जगात तो मेला. आपण काय गमावलं, हे उडी मारणाऱ्याला त्या क्षणी कळतही नाही.

गणिताची आणि आठवणीची अशा या दोन शाखा कॅनडातल्या एडमंटनमध्ये जवळ आल्या. रे मुझिका आणि ग्रेग झेशुक हे पेशाने डॉक्टर. त्यांच्या बायोवेअर या कंपनीचा ‘बाल्डर्स गेट’ १९९८ साली आला. त्यात टोळीच्या लौकिकाला १ ते २० आकडा आहे. तो घसरला की सज्जन सोबती कुरकुरतात आणि शेवटी सोडून जातात. फार वाढला की दुर्जन कंटाळून वाट धरतात. शिवाय सोबत्यांची आपापसातही नाती आहेत. जहीरा आणि खालिद नवरा-बायको. एकाला काढलं की दुसरं जातं. मिन्स्क हा योद्धा डायनाहीरला सोडवायला निघालेला, तर एडविन हा जादूगार तिच्या जिवावर उठलेला. म्हणजे एकाला हो म्हणणं हेच दुसऱ्याला नाही म्हणणं झालं.

तरीही आठवण कच्चीच होती. २००० साली दुसरा भाग आला, तेव्हा जुनं पात्र त्यात नेता येत होतं. सोबत्यांचं नशीब मात्र नाही. पहिल्या भागात तुम्ही खालिदला डोळ्यांत तेल घालून जपलेलं असो की वाटेत सोडून दिलेलं, दुसऱ्याच्या सुरुवातीला तो आणि डायनाहीर मेलेलेच असतात.

मधल्या वर्षी, १९९९मध्ये, ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’ने प्रश्न उलटा केला. त्याचा नायक मरतो, पुन्हा उठतो आणि खेळ सुरू होतो तेव्हा मागचं सगळं विसरलेला असतो. त्याचा सोबती डॅकॉन हा, ज्याने जीव वाचवला त्याच्या मरणापर्यंत चाकरी करीन, अशा शपथेने बांधलेला. धनी मरतच नाही, म्हणून चाकरी संपत नाही. इथे खेळाडू ज्याचे परिणाम भोगतो, तो निर्णय खेळ सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलेला आहे.

आकडा उघडा ठेवला की काय होतं, ते बायोवेअरच्याच ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये (२००९) दिसलं. सोबत्याची मर्जी उणे १०० ते अधिक १०० अशी पडद्यावर दिसते आणि भेटवस्तू देऊन वाढवता येते. मग खेळाडूने आधी सोबत्याला दुखवायचं आणि नंतर दागिना, पुस्तक, मूर्ती देऊन खातं भरून काढायचं, ही रीतच पडली. लेखकांनी त्यावर उतारा ठेवला होता. अ‍ॅलिस्टरच्या लोकांचा घात करणाऱ्या लोघेनला जीवदान देऊन आपल्यात घेतलं, तर अ‍ॅलिस्टर टोळी सोडतो, मर्जीचा आकडा कितीही वर असला तरी.

दोन्ही शाखांचं लग्न खऱ्या अर्थाने लागलं ते ‘मास इफेक्ट’च्या तीन भागांत. पहिल्यात (२००७) व्हर्मायर ग्रहावर बॉम्बच्या धडाक्यातून अ‍ॅशली किंवा केडन, दोघांपैकी एकालाच वाचवता येतं. सेव्ह केलेली फाइल पुढच्या भागात नेता येते, म्हणून तो मृत्यू तीनही खेळांवर पसरतो. दुसरा भाग (२०१०) सगळाच एका आत्मघातकी मोहिमेची तयारी आहे. सोबत्यांची खाजगी कामं निस्तरली की त्यांची निष्ठा मिळते. शेवटच्या लढाईत मागे राहून मोर्चा धरणाऱ्यांच्या ताकदीची खेळ गुपचूप सरासरी काढतो आणि ती कमी भरली की माणसं पडतात. तिथे ठेवलेला म्हातारा शास्त्रज्ञ मॉर्डिन पहिल्या मरणाऱ्यांत असतो. ‘चेनमेल’मधलं धीर सुटण्याचं गणितच ते, फक्त पडद्याआड गेलेलं. दोनपेक्षा कमी सोबती वाचले तर नायक शेपर्डही मरतो, आणि ती फाइल तिसऱ्या भागात चालत नाही.

या लग्नाचा खर्च मोठा. जो सोबती मेलेला असू शकतो, त्याचे प्रसंग त्याच्यासह आणि त्याच्याविना, असे दोनदा लिहावे लागतात. तिसऱ्या भागात (२०१२) मॉर्डिन नसेल तर पॅडॉक विक्स उभा राहतो आणि रेक्स हा सोबती नसेल तर रीव्ह. दुसऱ्या भागात टोळीत घेतलेल्यांपैकी फक्त गॅरस आणि टाली पुन्हा टोळीत येतात. बाकीचे वाचले असले तरी पाहुण्यासारखे भेटून जातात. निर्णय जितका मोठा, तितकी पुढची भूमिका लहान, ही या तंत्राची मूळ अडचण अजून सुटलेली नाही.

बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) तिच्याशी आपल्या परीने झटतो. निर्वासितांच्या वस्तीवर हल्ला करणाऱ्यांना तुम्ही सामील झालात, तर विल आणि कार्लाक निघून जातात. त्यांच्या वाटची कथा त्या खेळात उरतच नाही. जुनी जहीरा इथे विधवा होऊन भेटते. मूनराइज या ठिकाणच्या लढाईत ती मेली तर पुढे मिन्स्कलाही सोबत घेता येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने ‘ऑनर मोड’ दिला. त्यात सेव्ह एकच, मागे जायची सोय नाही. विझर्ड्रीच्या काळी जी सक्ती चुकवायला लोक डिस्कच्या नकला काढत, ती आता खेळाडू आपणहून मागून घेतात. सोबत्याच्या निष्ठेला मोल येतं ते तिचा आकडा वाढल्याने नव्हे, गेलेला माणूस परत आणायची वाट बंद असल्याने, हे पन्नास वर्षांत खेळ करणाऱ्यांच्या आधी खेळणाऱ्यांनीच ओळखलेलं दिसतं.