वाट दाखविणारा : रेंजर, वाटाड्या आणि जंगलाची मराठी

विदर्भातल्या कोणत्याही जंगलालगतच्या गावात ‘रेंजरसाहेब’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, त्यात शिकविणारा माणूस नसतो. खाकी गणवेश, जीपगाडी, तेंदूपत्त्याचा हंगाम, मोजून शिक्का मारलेले सागाचे ओंडके, जप्त केलेली कुऱ्हाड आणि गुन्ह्याचा पंचनामा, असे ते चित्र असते. अमेरिकेत मात्र या शब्दाभोवती निराळाच अर्थ जमा झाला. तेथे १९१६ साली राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली. १९२०मध्ये योसेमिटी उद्यानात पाहुण्यांना सोबत नेऊन निसर्ग समजावून देण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याच वर्षी एनॉस मिल्स यांचे निसर्गवाटाड्याच्या अनुभवांवरचे पुस्तक निघाले. १९५७मध्ये फ्रीमन टिल्डन यांनी या कामाचे तत्त्वज्ञानच मांडले. माहिती पुरविणे हे वाटाड्याचे अंतिम काम नव्हे, ऐकणाऱ्याच्या मनात कुतूहल जागे करणे हे त्याचे खरे काम, असा त्यांच्या मांडणीचा सारांश आहे. तेथील रेंजर शेकोटीभोवती बसलेल्या मुलांना ताऱ्यांची आणि अस्वलांची गोष्ट सांगू लागला. आपल्याकडे रेंजर आला की मुले घरात पळत.

एकाच शब्दाची ही दोन आयुष्ये का झाली, आणि आपल्याकडे वनखात्याच्या चाकरीत राहून जंगल शिकविणारा माणूस निघाला तो कोणत्या बळावर, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील. तो माणूस मराठीचा लेखक होता, आणि त्याच्या कामाचे मुख्य साधन भाषा होती, हे त्याचे उत्तर.

आपल्या वनखात्याचा जन्म शिकविण्यासाठी झालेला नाही. १८६४मध्ये ब्रिटिशांनी हे खाते उभारले ते रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि जहाजांसाठी लाकूड हवे म्हणून. १८७८ हे वर्ष त्या दृष्टीने बोलके आहे. त्या वर्षीच्या वनकायद्याने राखीव जंगलांवरचे सरकारचे स्वामित्व पक्के केले, आणि त्याच वर्षी रेंजर घडविण्यासाठी डेहराडूनला वनविद्यालय निघाले. ज्या वर्षी जंगलात राहणारा माणूस कायद्याने उपरा ठरू लागला, त्याच वर्षी जंगल ‘शिकलेला’ माणूस तयार होऊ लागला. नागपूर ही तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती. सातपुड्याचे साग, बांबू, मोह आणि लाख यांचा हिशेब येथल्या कचेऱ्यांत होत असे. वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल ही उतरंड त्या हिशेबासाठीच रचलेली होती.

या व्यवस्थेचे एक साहित्यिक प्रतिबिंब आमच्या नित्याच्या वाचनात असूनही आपण त्याकडे लक्ष देत नाही. नागपूरहून उत्तरेला दीड-दोन तासांवर असलेल्या पेंचच्या जंगलात पाहुणे येतात ते पुष्कळदा मोगलीचे नाव ऐकून. किपलिंगने शिवनीचे हे रान स्वतः पाहिले नव्हते. स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या १८७७च्या पुस्तकाचा त्याला आधार झाला, असे अभ्यासक मानतात. परंतु १८९४च्या ‘जंगल बुक’च्या आधी, १८९३मध्ये, किपलिंगने मोगलीची एक कथा प्रसिद्ध केली होती, ‘इन द रुख’. तीत मोगली वयात आलेला आहे. एका वनाधिकाऱ्याला तो भेटतो, त्याचे जंगलाचे अद्भुत ज्ञान पाहून वरिष्ठ साहेब चकित होतो आणि त्याला वनरक्षकाची सरकारी नोकरी देऊ करतो, पगारासह आणि पेन्शनसह. लांडग्यांत वाढलेल्या मुलाची परिणती खात्याच्या पटावरील एका नोकरात होते. ज्ञान जंगलातल्या माणसाचे आणि अधिकार साहेबाचा, ही मांडणी या कथेत इतकी उघड आहे की ती कथा कमी आणि खात्याचे अंतर्मन अधिक वाटते.

ही मांडणी थोडीतरी उलटी करणारा माणूस आपल्याला मिळाला तो मारुती चितमपल्ली यांच्या रूपाने. १९३२ साली सोलापुरात त्यांचा जन्म झाला. आई आणि मामा यांच्याकडून लहानपणी रानाची ओळख झाली. कोइम्बतूरच्या वनमहाविद्यालयात शिक्षण घेऊन ते वनक्षेत्रपाल म्हणून नोकरीत आले, म्हणजे रूढ अर्थाने ‘रेंजर’च. कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट या ठिकाणच्या जंगलांत त्यांची नोकरी झाली. १९९०मध्ये ते निवृत्त झाले. पुढची अनेक वर्षे त्यांचा मुक्काम विदर्भात, मुख्यतः नागपुरात होता. २००६च्या सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात सोलापुरातच त्यांचे निधन झाले.

हा तपशील सर्वपरिचित आहे. आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते त्यांच्या शिकण्याकडे. खात्याचे शिक्षण पुरे झाल्यावर या अधिकाऱ्याने दुसरे शिक्षण सुरू केले. नांदेडला असताना नरहर कुरुंदकरांचा सहवास लाभला आणि लिहिण्याची प्रेरणा मिळाली. संस्कृतचे पारंपरिक अध्ययन त्यांनी शास्त्र्यांकडे बसून केले. त्यातूनच पुढे हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या ग्रंथाचे मराठी भाषांतर सिद्ध झाले. आणि तिसरी शाळा होती ती ढिवर, गोंड, कोरकू, पारधी यांची. नवेगावला माधवराव पाटील यांच्यासारखा जाणता सोबती मिळाला. वनाधिकारी येथे विद्यार्थी झाला. ज्याच्यावर पंचनामा करायचा, त्याच्याच पायाशी बसून तो पाखरांची नावे विचारू लागला.

नवेगावचे उदाहरण अधिक पाहण्याजोगे आहे. आज पाहुणा तेथे ‘राष्ट्रीय उद्यान’ पाहायला जातो. १९७५ साली त्या जंगलाला तो दर्जा मिळाला, आणि २०१३पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. परंतु ज्या विस्तीर्ण तलावामुळे तेथे पाखरे उतरतात, तो तलाव निसर्गनिर्मित नाही. कोलू पाटील कोहळी यांनी तो अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे परंपरा सांगते. सात टेकड्यांच्या मधली तोंडे बांधून पाणी अडविले. त्या टेकड्या ‘सात बहिणी’ झाल्या आणि बांधणारा माणूस ‘कोलासूर’ देव झाला. भंडारा-गोंदिया भागातील कोहळी समाजाच्या तलावबांधणीचा हा वारसा आहे. येथले ‘वन’ माणसाच्या हाताशिवाय समजावूनच देता येत नाही. पाखरू दाखविताना तलाव दाखवावा लागतो, तलाव दाखविताना कोहळी सांगावा लागतो, आणि मासे सांगताना ढिवर. जंगल शिकविणे म्हणजे एक वस्तू दाखवून तिच्यामागची माणसे सांगत जाणे. आमच्या मते हेच चितमपल्लींच्या लेखनाचे सूत्र आहे.

या कामात त्यांना पहिली अडचण आली असेल ती शब्दांची. वनखात्याची भाषा इंग्रजी, पक्षिशास्त्राची भाषा इंग्रजी. बगळ्या-ढोकऱ्यांची विणीची वसाहत दिसली तर ‘हेरनरी’ म्हणायचे, कावळ्यांची दिसली तर ‘रूकरी’. त्यांनी ‘सारंगागार’ आणि ‘काकागार’ असे शब्द योजले. पाखरांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागेला ‘रातनिवारा’ म्हटले. पहिले दोन शब्द संस्कृताच्या वळणाचे आहेत, तिसरा घरातला आहे. दोन्ही घाट या एकाच लेखकात नांदतात. ‘पक्षिकोशा’सारखे काम हे याच गरजेचे मोठे रूप. वर्गात आम्ही ‘रानवाटा’, ‘पक्षी जाय दिगंतरा’ किंवा ‘चकवाचांदण’ शिकवितो तेव्हा ‘ललित गद्य’ या खणात ती पुस्तके ठेवून मोकळे होतो. वर्णनसौंदर्य, चिंतनशीलता, आत्मपरता हे ठरलेले शब्द फळ्यावर येतात. परंतु हे लेखन मुळात वाट दाखविणाऱ्याचे बोलणे आहे. समोर नवखा माणूस उभा आहे, त्याला काही दिसत नाही, आणि बोट दाखवून, नाव सांगून, गोष्ट सांगून त्याला दिसते करायचे आहे, या निकडीतून त्या वाक्यांची ठेवण आली आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’शी तुलना केली तर हा फरक स्पष्ट होतो. माडगूळकर तेथे पाहुणे म्हणून राहिले आणि पाहुण्याच्या नजरेने त्यांनी पाहिले. चितमपल्ली त्या घरचे कारभारी होते. एकाचे गद्य टिपणारे आहे, दुसऱ्याचे सांगणारे.

येथे दोन आक्षेपांना सामोरे गेले पाहिजे. पहिला, ऐकीव आणि सिद्ध यांच्यातील सीमारेषा चितमपल्ली पुसट करतात. कावळ्याच्या घरट्याच्या जागेवरून पावसाचा अंदाज, पशुपक्ष्यांचे संकेत, निळावंतीची आख्यायिका, हे सारे त्यांच्या लेखनात निरीक्षणांच्या पंगतीला येऊन बसते. विज्ञानाच्या अध्यापकांना हे खटकते आणि ते खटकणे योग्यच आहे. शिकविणाऱ्याने ‘मी पाहिले’, ‘मी ऐकले’ आणि ‘असे मानतात’ यांत फरक करायला हवा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांच्याकडून ज्ञान घेतले ते पुस्तकांत आले, पण लेखक झाले नाहीत. खात्याच्या कायद्याने ज्यांचे रान गेले, त्यांचे शब्द खात्याच्या अधिकाऱ्याच्या नावावर चढले, असे कोणी म्हटले तर त्याला तोंड बंद करून गप्प बसविता येणार नाही. एवढेच म्हणता येईल की चितमपल्लींनी आपले गुरू लपविले नाहीत. किपलिंगच्या साहेबाने मोगलीला नोकर केले; या अधिकाऱ्याने त्याला गुरू म्हटले. हे अंतर थोडे नाही. पण पुरेसेही नाही.

पुरेसे का नाही, हे आम्हांला वर्गात कळले नाही, जंगलात कळले. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही नागपूरपासून दोनेक तासांवरच्या एका अभयारण्यात गेलो होतो. जिप्सीत गाइड म्हणून लगतच्याच गावचा एक गोंड तरुण होता. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबविले, आणि ऑक्टोबरात नव्या मार्गदर्शक सूचनांसह ते पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून स्थानिकांच्या सहभागावर अधिक बोलले जाते. हा तरुण त्या सहभागाचा प्रतिनिधी. वाघ दिसेना, तेव्हा त्याने झाडे दाखवायला सुरुवात केली. एक पांढऱ्या, गुळगुळीत खोडाचे झाड : “हा घोस्ट ट्री.” एक भेगाळलेल्या सालीचे : “हा क्रोकोडाइल बार्क.” एका विद्यार्थिनीने विचारले, “दादा, याला तुमच्या गावात काय म्हणतात?” तो क्षणभर थांबला. म्हणाला, “गावात तर साजा म्हणते. आमच्यात देवाचं झाड हाय ते. बडादेव राह्यते त्याच्यात. पण ते ट्रेनिंगमधे नाही सांगत ना, मॅडम.”

साजा म्हणजे आपला ऐन. कुलू किंवा कांडोळ म्हणजे ते ‘घोस्ट ट्री’. ज्या मुलाच्या कुळात त्या झाडाला देवत्व आहे, त्याने पाहुण्याला मगरीची साल दाखवावी, यात दोष त्याचा नाही. पाहुण्याला काय आवडेल याचा अंदाज घेऊन कोणीतरी त्याला ती भाषा दिली आहे. त्याची मजुरी फेरीवर, आणि फेरीचे यश वाघावर. परतताना चहाच्या टपरीवर मात्र तो तासभर बोलला. मोहाची फुले वेचायला पहाटे कधी निघायचे, कोणत्या पाखराने आवाज दिला की वाट बदलायची, आजी कोणत्या पाल्याची भाजी करते. आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्या तेथे भरल्या, जिप्सीत नव्हे.

या प्रसंगाने आमच्या चितमपल्ली-वाचनात एक बदल झाला. अधिकाऱ्याने विद्यार्थी होऊन ऐकले आणि मराठीत सांगितले, ही एक पायरी झाली. पुढची पायरी, ज्याच्याकडून ऐकले त्यानेच, आपल्या शब्दांत, पाहुण्यासमोर उभे राहून सांगावे. ती आज शक्य आहे, कारण तो माणूस आता वाटाड्याच्या जागी प्रत्यक्ष बसलेला आहे. त्याच्या तोंडातला शब्द तेवढा बदलायचा आहे. नागपुरात वनखात्याचे राज्य मुख्यालय आहे, विद्यापीठ आहे, मराठीचे विभाग आहेत. गाइडच्या प्रशिक्षणासाठी झाडापाखरांच्या स्थानिक नावांचा मराठी-गोंडी-कोरकू शब्दसंग्रह तयार करणे, प्रत्येक नावामागची गोष्ट नोंदविणे आणि ती कोणी सांगितली त्याचे नाव शेजारी लिहिणे, हे काम आमच्यासारख्या अध्यापकांच्या आवाक्यातले आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. चहाच्या टपरीवर बसण्याची तयारी लागते.

त्या वर्षीच्या अंतर्गत मूल्यमापनात आम्ही ‘रानवाटा’वरील नेहमीचा प्रश्न काढून टाकला आणि प्रत्येकाला आपल्या गावच्या दहा झाडांची नावे, ती सांगणाऱ्या माणसाच्या नावासह, लिहून आणायला सांगितली. एक विद्यार्थी म्हणाला, दहा होत नाहीत सर, सातच मिळाली. आजोबा गेले गेल्या वर्षी. आम्ही त्याची सात नावे उतरवून घेतली.