दिव्यांग मुलाला घरीच शिकवता येतं का? कायदा काय सांगतो?

हो, पण सरसकट नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 'गृहाधारित शिक्षण' निवडता येतं.

शाळा 'घरीच ठेवा' म्हणाली तर?
हा पर्याय निवडणं हा मुलाचा हक्क आहे, शाळेची सुटका नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

घरी शिकवणार कोण?
फक्त आईबाबा नाही. समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षकाने घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. चौकशी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात करा.

पुढे परीक्षा?
१४ वर्षं पूर्ण झाल्यावर एनआयओएसमधून दहावीला बसता येतं.