जुने स्पीकर आणि बिनतारी जोड : एक ऐतिहासिक मागोवा

ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासात ध्वनिमुद्रिका, कॅसेट, कॉम्पॅक्ट डिस्क अशा साठवणुकीच्या माध्यमांविषयी विपुल लेखन झाले आहे. ते संगीत अखेरीस ज्यातून ऐकू येते त्या स्पीकरची, आणि त्याला वेळोवेळी जोडल्या गेलेल्या उपकरणांची दखल मात्र तुलनेने कमी घेतली गेली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तारेने जोडलेल्या जुन्या स्पीकरना बिनतारी संगीत पुरविणारी अनेक उपकरणे बाजारात आली आणि त्यांपैकी बरीचशी अस्तंगतही झाली. जुने टिकले व नवे आधी निकामी झाले, हा या कालखंडाचा विशेष होय. त्याची कारणे यंत्राच्या झिजेपेक्षा यंत्राच्या परावलंबनात अधिक आढळतात.

चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकमधील अभियंत्यांनी १९२५ साली चलवेटोळ्याच्या स्पीकरची जी रचना मांडली, तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. चुंबक, तारेचे वेटोळे आणि शंकू एवढाच हा मामला. पुढे शंकूभोवती फोमचे कडे बसविण्याची पद्धत आली. ते पंधरा-वीस वर्षांत विरते, परंतु कुशल कारागीर ते बदलून देऊ शकतो. ॲम्प्लिफायरची गोष्टही अशीच आहे. १९३०च्या दशकातील अनेक रेडिओ संचांच्या पाठीमागे ग्रामोफोनचा पिकअप जोडण्यासाठी खोबण असे. तिचीच वंशज म्हणता येईल अशी 'ऑक्स' ही खोबण पुढील ॲम्प्लिफायरांवर आली आणि टेपरेकॉर्डरपासून कॉम्पॅक्ट डिस्क प्लेअरपर्यंत सर्वांचा स्वीकार करीत राहिली. येणाऱ्या संकेताचे कुळ ती विचारीत नाही. विद्युतदाब सुमारे एक-दोन व्होल्टच्या मर्यादेत असला की पुरे. (शेजारची 'फोनो' खोबण मात्र केवळ ध्वनिमुद्रिकांसाठी असते, तिथे दुसरे काही जोडल्यास आवाज विकृत होतो.) बिनतारी जोड शक्य झाली ती या उदार खोबणीमुळे.

दुसरी पूर्वअट कायद्याची होती. अमेरिकेच्या दूरसंचार नियामक आयोगाने १९८५ साली काही कंप्रता-पट्टे परवान्याविना वापरण्यास मुभा दिली व त्यातूनच पुढे घरगुती वाय-फायचा मार्ग मोकळा झाला. वाय-फायचे पहिले मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५च्या नियमांनी परवानामुक्त केला. घरातल्या घरात गाणे हवेतून नेण्यामागे एवढी शासकीय पूर्वपीठिका आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

या क्षेत्रातील आरंभीच्या उपकरणांत स्लिम डिव्हायसेसचा 'स्क्वीझबॉक्स' (२००३) महत्त्वाचा ठरतो. सर्वसामान्यांचे लक्ष वेधले ते जून २००४मध्ये घोषित झालेल्या ॲपलच्या 'एअरपोर्ट एक्स्प्रेस'ने. १२९ डॉलर किमतीचा हा पांढरा ठोकळा थेट भिंतीतील सॉकेटमध्ये बसे. त्याच्या एकाच छिद्रातून साधा व प्रकाशीय असे दोन्ही प्रकारचे ध्वनिसंकेत मिळत. संगणकावरील आयट्यून्समधून गाणे कोणतीही काटछाट न होता, पण कूटबद्ध होऊन, त्याच्याकडे येई. कूटबद्धतेमुळे दुसऱ्या कोणाचे उपकरण हे गाणे स्वीकारू शकत नसे. २०११ साली या उपकरणातील गुप्त किल्ली बाहेर काढण्यात आली आणि 'शेअरपोर्ट' ही मुक्त आज्ञावली तयार झाली. एका कंपनीचे कुलूप उघडल्याने जुन्या स्पीकरचे आयुष्य वाढले, असे म्हणण्यास हरकत नाही. ॲपलने एप्रिल २०१८मध्ये हे उत्पादन बंद केल्याचे जाहीर केले. तरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये २०१२च्या आवृत्तीला 'एअरप्ले २'ची सुविधा दिली. २००४चा ठोकळा मात्र त्या कृपेस पात्र ठरला नाही.

गुगलचे 'क्रोमकास्ट ऑडिओ' सप्टेंबर २०१५मध्ये ३५ डॉलरना आले, तेव्हा किमतीबरोबर कार्यपद्धतीही पालटली. एअरपोर्ट एक्स्प्रेसकडे गाणे संगणक पाठवी. इथे फोन केवळ आज्ञा देई आणि गाणे इंटरनेटवरून आणण्याचे काम ही चकती स्वतः करी. फोन खिशात ठेवून बाहेर गेले तरी संगीत चालू राही. सोय निर्विवाद होती, मात्र तिच्या पोटात एक अट दडली होती : ही चकती अस्सल आहे याची खात्री फोनला एका डिजिटल प्रमाणपत्रावरून पटत असे. जानेवारी २०१९मध्ये उत्पादन थांबल्याची वार्ता आली. ९ मार्च २०२५ रोजी त्या साखळीतील एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि घरोघरीच्या चकत्या एकाएकी अविश्वसनीय ठरल्या. आतील एकही भाग बिघडला नव्हता. काही दिवसांत कंपनीने दुरुस्ती पाठविली. ती न पाठविती तर वापरकर्त्याच्या हाती सोल्डरिंग आयर्न असूनही उपयोग नव्हता.

या पार्श्वभूमीवर ब्लूटूथचा साधेपणा उठून दिसतो. संगीतवहनाचे त्याचे मानक २००३चे. त्यात आवाजाची काहीशी काटछाट होते, पल्ला साधारणतः खोलीपुरताच, आणि फोनवर दुसरे कोणी बोलू लागले की गाणे थांबते. रसिकांनी त्याला नाके मुरडली ती अकारण नव्हती. परंतु त्याला ना खाते लागते, ना दूरचा सर्व्हर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात मिळणारी लहानशी ब्लूटूथ पट्टी जुन्या ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये जोडली की काम भागते.

स्क्वीझबॉक्सची अखेर याहून वेगळी झाली. स्लिम डिव्हायसेस ही कंपनी २००६ साली लॉजिटेकने विकत घेतली, २०१२ साली उत्पादनमालिका थांबविली आणि २०२४ साली तिची इंटरनेट-सेवाही बंद केली. तथापि घरच्या संगणकावर चालणारी तिची सर्व्हर आज्ञावली आरंभापासून मुक्त स्वरूपाची होती. वापरकर्त्यांच्या समुदायाने ती 'लिरियन म्युझिक सर्व्हर' या नावाने पुढे चालू ठेवली असून, तिच्या आधारे वीस वर्षांपूर्वीच्या त्या पेट्या जुन्या स्पीकरना आजही संगीत पुरवीत आहेत.