लाखेची तबकडी आणि तिच्यावरचं नाव

लाख म्हटलं की आपल्याला बांगड्या आठवतात. पण शंभर वर्षांपूर्वी जगभरातली गाणीही लाखेवरच उतरवली जात. ग्रामोफोनच्या जुन्या काळ्या तबकडीत दगडाची भुकटी असायची आणि ती घट्ट धरून ठेवायची लाख. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किडे लाख तयार करतात. त्या काळी जगाला लागणारी बहुतेक लाख आपल्या देशातून जायची. छोटा नागपूरच्या जंगलातल्या बायाबापड्यांनी फांद्यांवरून खरवडलेली लाख कुठल्या कुठे पोचली, त्याची ही गोष्ट.

टँगो हा जोडीनं करायचा नाच आणि त्याचं संगीत. 19व्या शतकाच्या शेवटी दक्षिण अमेरिकेतल्या ब्यूनोस आयर्स आणि मोंतेविदेओ या बंदरांच्या गरीब वस्त्यांत तो जन्मला. पोटासाठी युरोपातून आलेले मजूर आणि आफ्रिकी वंशाची माणसं तिथं एकत्र राहत. त्यातलं बांदोनियॉन हे दोन्ही हातांनी उघडमीट करत वाजवायचं वाद्य जर्मनीचं. पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी टँगो पॅरिसला पोचला. पुढे बर्लिन, वॉर्सा अशा शहरांतल्या हॉटेलांत टँगो वाजवणारे वाद्यवृंद उभे राहिले. त्यांच्या तबकड्या निघाल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, की गाणं संपलं. मधल्या कागदी चकतीवर गाण्याचं आणि वाद्यवृंदाचं नाव छापलेलं असे.

बर्लिनमध्ये डायोस बेला यांचा वाद्यवृंद गाजत होता. ते ज्यू होते. 1933 साली नाझी सत्तेवर आले आणि त्यांना जर्मनी सोडावी लागली. शेवटी त्यांना आसरा मिळाला तो ब्यूनोस आयर्समध्ये, म्हणजे टँगोच्या माहेरीच.

पोलंडमध्ये येझी पेतेर्सबुर्स्की आणि आर्तुर गोल्ड हे दोघे मिळून वाद्यवृंद चालवत. वॉर्साच्या ‘सिरेना’ कंपनीनं त्यांच्या तबकड्या काढल्या. 1935 साली पेतेर्सबुर्स्कींनी ‘हा शेवटचा रविवार’ अशा अर्थाच्या टँगोला चाल दिली. म्येचिस्वाव फॉग यांनी तो गायला आणि तो घराघरांत गेला.

मग दुसरं महायुद्ध आलं. सिरेना बंद पडली. आर्तुर गोल्ड ज्यू होते. त्यांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. माणसं मारली जात होती त्याच जागी, मारणाऱ्यांच्या करमणुकीसाठी त्यांना वाद्यवृंद चालवायला लावलं. 1943 साली त्यांचाही जीव घेतला. पेतेर्सबुर्स्की वाचले, पण युद्धानंतर बरीच वर्षं त्यांनी दक्षिण अमेरिकेत काढली. फॉग यांनी युद्धात जीव धोक्यात घालून ज्यू माणसांना आसरा दिला. युद्ध संपल्यावर उद्ध्वस्त वॉर्सात त्यांनी कॅफे उघडला आणि तबकड्यांची कंपनीही काढली.

मैत्रिणींनो, लाखेची तबकडी हातातून पडली की फुटते. तरी गोल्ड यांचं संगीत आजही ऐकता येतं, कारण काही तबकड्या लोकांनी जपल्या. आणि ते गोल्ड यांचं आहे हे कळतं, कारण चकतीवर त्यांचं नाव आहे.

हे वाचताना आम्हाला आमचीच चूक दिसली. गेल्या वर्षी गटाच्या बैठकीत आम्ही म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर घेतल्या. कोणती कोणी म्हटली, ते लिहिलंच नाही. त्यातल्या दोन आजी आता नाहीत. आवाज आहे, पण कोणता कोणाचा, यावर आमच्यात वाद होतो. आता त्यांच्या सुनालेकींना बसवून, एकेक ओवी ऐकवून आम्ही नावं लावतो आहोत.

तुम्हीही आवाज घ्याल तेव्हा सुरुवातीलाच आजीला तिचं नाव, गाव आणि माहेर बोलायला सांगा. तारीखही सांगा. मग ओवी.