गाडीखालची चौकट



हमरस्त्यावर कधीतरी आपण एक विचित्र वाहन पाहिले असेल. पुढे इंजिन, खाली चाके, मागे लांबच लांब दोन पोलादी तुळया, आणि उघड्यावर बसून तोंडाला पंचा गुंडाळलेला ड्रायव्हर. छप्पर नाही, दार नाही. कारखान्यातून निघालेली ती नुसती चासी असते आणि बॉडी चढविण्यासाठी ती दुसऱ्या गावी चाललेली असते. एकदा बॉडी चढली की चासी झाकली जाते. मग तडा जाईपर्यंत किंवा गंजून भोक पडेपर्यंत तिची आठवण कोणासच होत नाही.

आज आम्ही या झाकलेल्या चौकटीविषयी बोलणार आहोत, आणि तेही जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीची चासी घरच्या अंगणात पुन्हा उभी करण्याच्या उद्योगाच्या निमित्ताने. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने हौशी लोकांच्या मोटारींवर का बोलावे, असे कोणी विचारील. त्याची कारणे दोन आहेत. या चौकटीचा इतिहास आपल्या लातूर-नांदेडवरून गेलेला आहे, हे एक. आणि मोटार कोणाचीही असो, तिच्याखाली पाठीवर पडून काम करणारा माणूस आमच्या बिरादरीचा असतो, हे दुसरे.

‘चासी’ हा आपल्या गॅरेजांत रुळलेला शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ चौकट, आणि त्याचे लॅटिन मूळ ‘पेटी’ या अर्थाचे आहे. घोडागाडीच्या काळी ही चौकट लाकडाची असे. पोलादाचा सपाट पत्रा दोन हातांत धरला तर लवतो. त्याच्या दोन्ही कडा वळवून पन्हळीसारखा आकार दिला की तोच पत्रा मणांचे ओझे पेलतो. हे तत्त्व मोटारीच्या आधी आगगाडीने वापरले. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तिच्या रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियराने तिचे मालडबे २५ फूट लांबीच्या एकसारख्या सांगाड्यांवर बसविले, आणि हे सांगाडे इंग्लंडमधील लीड्स फोर्ज कंपनीच्या पद्धतीने दाबून वळविलेल्या पोलादी पत्र्याचे होते. डब्याचे स्वतःचे वजन घटले, तितका माल अधिक मावू लागला. १९११ साली ही गाडी लातुरास पोहोचली. १९०१ च्या मर्सिडीज मोटारीची चौकटही दाबलेल्या पोलादी पत्र्याची होती. म्हणजे युरोपात नवलाची ठरलेली ही चौकट लातूरच्या हमालांनी स्टेशनात उभी राहून रोज पाहिली, तिच्यावर पोती चढविली. हे कोणत्या मोटारीच्या पुस्तकात लिहिलेले नसते, म्हणून येथे सांगितले पाहिजे.

नांदेडकडे ही चौकट रस्त्याने आली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १९३२ च्या जून महिन्यात निझामाच्या रेल्वेने स्वतःचे रस्ता वाहतूक खाते काढले. आरंभी २७ बसगाड्या आणि १६६ नोकर एवढाच पसारा होता. त्या काळातील स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीची एक बस दुरुस्त करून हैदराबादेत जपण्यात आली आहे. १९४८ साली संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. गाड्यांवरील नावे आणि रंग बदलले; पण चासी विकत घ्यावयाची आणि बॉडी आपल्या हातांनी बांधावयाची, ही रीत चालू राहिली. एस.टी.च्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत कामगारांच्या पिढ्या हेच काम करीत आल्या. मराठवाड्यात चासी ओळखणारे हात तयार झाले ते बस आणि ट्रक यांच्या खाली.

आता स्पोर्ट्‌स मोटारीकडे वळू. दोन माणसे बसतील एवढी, ठेंगणी, वळणावर चपळ, अशी ही गाडी. इंग्लंडात १९४५ ते १९४९ या काळात एम.जी. कंपनीने टी.सी. नावाच्या सुमारे १० हजार गाड्या बांधल्या. तिची चासी शिडीसारखी, म्हणजे दोन लांब तुळया आणि मध्ये आडवे दांडे. तिच्यावर लाकडी सांगाडा आणि त्याला ठोकलेला पत्रा. आमच्याकडील बैलगाडीच्या सुताराला ती गाडी उलगडून दाखविली असती, तर अर्ध्या तासात त्याला तिचे मर्म कळले असते.

परंतु पुढे चौकट आणि बॉडी हा भेदच मोडीत निघू लागला. इटलीच्या लान्सिया कंपनीने १९२२ साली लाम्ब्डा ही गाडी काढली, फ्रान्सच्या सित्रोएनने १९३४ साली पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी काढली. दोन्हींत वेगळी चासी नव्हती. पत्र्याचे कवच हीच चौकट. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक मोटारी याच मार्गाने गेल्या. हा फरक किल्लारीच्या परिसरातील माणसाला फार समजावून सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात माती-दगडाच्या जाड भिंती कोसळल्या आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. पण काही घरांत लाकडी खांब-तुळयांचे खण तसेच उभे राहिले होते. भार कोण पेलतो आणि आडोसा कोण देतो, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे त्या उभ्या खांबांनी दाखविले.

या प्रवाहाच्या उलट जाणारी एक गाडी १९५९ साली इंग्लंडात निघाली. तिचे नाव ट्रायम्फ हेराल्ड. तिला वेगळी चासी होती, आणि त्याचे कारण व्यापारी होते. स्टँडर्ड-ट्रायम्फला ज्या कारखान्याकडून बॉड्या मिळत, तो फिशर अँड लडलो कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतला. अखंड कवच करून देणारा कोणी उरला नाही. तेव्हा तुकड्यातुकड्यांची बॉडी करून ती वेगळ्या चासीवर बोल्टांनी आवळावी, असा तोडगा निघाला. रूप दिले तुरिनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी. हीच चासी आखूड करून तिच्यावर १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही स्पोर्ट्‌स गाडी बसविली. हेराल्डच्या पुढील-मागील चाकांतले अंतर साडे एक्याण्णव इंच, तर स्पिटफायरचे ८३ इंच. १९८० पर्यंत अशा तीन लाखांहून अधिक गाड्या निघाल्या.

स्पिटफायर आपल्याकडे झाली नाही, पण तिची वडील बहीण झाली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९६१ पासून हेराल्ड बांधली आणि पुढे चार दारांची हेराल्डही काढली, जी इंग्लंडात कधी झाली नव्हती. तुकड्यांची गाडी परदेशात पाठवून जोडावयास सोपी, हा तिच्या चासीचाच गुण. आणखी एक धागा पाहा. इंग्लंडच्या लेलँड कंपनीने १९५१ साली आल्बियन घेतली, १९६१ साली ट्रायम्फ घेतली. आणि मद्रासच्या ज्या कंपनीच्या चासीवर एस.टी.च्या कितीतरी गाड्या बांधल्या गेल्या, तिच्या नावात १९५५ पासून हेच लेलँड आहे. श्रीमंताची हौस आणि गरिबाची बस एकाच गोतावळ्यातली निघाली.

नांदेडमधील आमच्या एका स्नेह्यांनी अशी एक हेराल्ड अंगणात उघडली. जोडीला ट्रकच्या कामात केस पिकलेले एक उस्ताद आणि त्यांच्या हाताखालचा पोरगा. आम्ही रविवारी ते काम पाहावयास जात असू. दोन पावसाळे ते चालले.

बॉडी उचलल्यावर चासी चार घोड्यांवर ठेवली. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने चारही टोके एका पातळीत आणली. मग चासीच्या ठराविक भोकांतून ओळंबा सोडून खाली फरशीवर खडूने खुणा केल्या आणि त्या खुणांमधील दोन्ही कर्ण मोजले. कर्ण सारखे भरले तर चौकट सरळ. कमीजास्त भरले तर गाडी कधीतरी आपटलेली आहे. गवंड्याची ही हत्यारे घरातल्या कामाला पुरतात.

त्यानंतर उस्तादांनी लहान हातोडीने सगळी चासी वाजविली. शाबूत पोलाद खणखणते, आतून गंजलेले बद्द बोलते. हेराल्डमध्ये मधल्या दोन मुख्य तुळयांपासून बाजूंना आडवे हात निघतात. पाणी आणि चिखल तेथेच साचतो आणि गंज आतून सुरू होतो. बाहेरचा रंग चकचकीत असतो आणि आत पत्र्याचा कागद झालेला असतो. असे हात कापावयाचे तर एका वेळी एकच कापावा, म्हणजे बाकीचे हात चौकटीला जागेवर धरून ठेवतात. वेल्डिंग सलग ओढू नये. येथे एक टाका, तेथे एक टाका असे करावे, कारण तापलेले पोलाद निवताना आखडते आणि चौकट वाकवते. तडा असेल तर आधी त्याच्या टोकाला बारीक भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. काम झाल्यावर पोकळ तुळयांत मेण किंवा घट्ट तेल सोडावे आणि पाणी निथळण्याची भोके मोकळी ठेवावीत. उस्तादांना यातले काही पुस्तकातून आलेले नव्हते. ओव्हरलोड ट्रकांनी त्यांना शिकविले होते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. इतके कापून जोडल्यावर ती मूळ चासी राहिली काय? कायद्याच्या दृष्टीने गाडीची ओळख चासीवर ठोकलेल्या आकड्यांत असते. नोंदणी कचेरीत त्यांचा पेन्सिलने ठसा घेतात. म्हणून त्या आकड्यांच्या जागेवर काणस किंवा ग्राइंडर फिरवू नये, हा पहिला नियम. केंद्र सरकारने २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नंबरात ‘व्ही.ए.’ ही अक्षरे आणि नव्या नोंदणीस २० हजार रुपये शुल्क. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. हेतू चांगला आहे. परंतु मराठवाड्यातील रस्त्यांवर ५० वर्षे चाललेल्या गाडीची चासी एकदाही जोडली गेली नाही, असे कसे होईल? आम्हांस वाटते की मापे, आकार आणि पत्र्याची जाडी मूळची ठेवून केलेली दुरुस्ती हा फेरफार नव्हे. तो त्या गाडीच्या आयुष्याचा भाग आहे. मात्र ते सिद्ध करावयास लेखी पुरावा हवा, आणि आमच्याकडे तोच नसतो. गाडीच्या कागदांत मालकांची नावे ओळीने असतात. तिला तीनदा सरळ करणाऱ्याचे नाव एकाही कागदावर नसते.

दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि आम्ही येथे उभे आहोत ते मुख्यतः त्याच्यासाठी. जुना रंग आणि गंज काढण्यासाठी वाळूचा मारा करतात. वाळूतील सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा करणारे औषध नाही. ब्रिटनने १९४९ सालच्या नियमांनी अशा माऱ्यात वाळू वापरण्यास बंदी केली. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने सिलिकोसिस आणि शिशाची विषबाधा हे दोन्ही रोग कळविणे सक्तीचे केले. पण अंगण म्हणजे फॅक्टरी नव्हे. तेथे इन्स्पेक्टर येत नाही, आणि तोंडाला गुंडाळलेला पंचा ही धूळ अडवत नाही.

शिशाचेही तसेच. जुन्या चासींवर गंज रोखण्यासाठी शेंदरी रंगाचा थर देत. तो रंग म्हणजे खरोखरीच शेंदूर, शिशाचे संयुग. तो कोरडा घासला की पूड हवेत उडते, हाताला लागते, आणि भाकरीबरोबर पोटात जाते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केले तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डर समजतो, हवा बदलली. उपाय महाग नाहीत. वाळूऐवजी तार ब्रश आणि गंज खाणारे फॉस्फरिक आम्ल वापरावे, तेही हातमोजे घालून. रंग ओला करून घासावा. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. धुळीचा खरा मास्क घ्यावा. नवा थर बिनशिशाच्या जस्त-प्रायमरचा द्यावा. हेराल्डसाठी जुने दिवे शोधावयास मालक मुंबईपर्यंत जातो, तर पोऱ्यासाठी मास्क आणावयास दुकानापर्यंत जाणे त्याला अवघड नाही.

लातुरास रेल्वेचा डब्यांचा कारखाना उभा राहिला आणि २०२० च्या डिसेंबरात त्यातून पहिल्या डब्याचे कवच बाहेर पडले. त्या डब्यांत वेगळी चासी नाही. कवच हीच चौकट. ज्या गावी १९११ साली दाबलेल्या पोलादाचे सांगाडे आले, त्या गावी आता अखंड सांगाडे घडतात. चासी सरळ करणारे उस्ताद मात्र वर्षागणिक कमी होत आहेत, आणि त्यांची विद्या तोंडीच आहे.

म्हणून नांदेड आणि लातूर येथील जुन्या गाड्यांच्या मालकांना आमची एक विनंती आहे. प्रत्येक गाडीबरोबर एक वही ठेवा. तीत कर्णांची मापे लिहा, कोणता हात कोणत्या दिवशी कापला आणि किती जाडीचा पत्रा लावला ते लिहा, फोटो चिकटवा, आणि खाली काम करणाऱ्याचे पूर्ण नाव लिहून त्याची सही घ्या. ती वही नोंदणी कचेरीत तुमच्या उपयोगी पडेल. उस्तादांच्या पोऱ्याला उद्या काम मागावयास जाताना तिची नक्कल दाखविता येईल. आणि दहा-वीस वह्या जमल्या की आमच्या संघटनेच्या कचेरीत त्या ठेवावयास एक कपाट आम्ही आजच रिकामे करून देतो.